गल्लीतलं पहाटेचं जेवण

"पास?"

मिशीवाल्याने हात पुढे केला आणि कडीकाका जागच्या जागी थबकले. हा एक शब्द त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता. तो आपल्यालाही कधी कुणी विचारेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"अरे, मी आहे."

"दिसतंय ना, काका. तुम्हीच शिकवलंत, आधी चेहरा बघायचा, मग कागद. चेहरा बघितला. आता कागद दाखवा."

"कागद नाही."

"मग आत नाही."

आता बोला! काकांच्या एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात थर्मास. अजून पुरतं उजाडलं नव्हतं, हॉस्पिटलच्या आवारातले दिवे जळत होते आणि वर पहिल्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात, त्यांची बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. मध्ये होतं ते हे फाटक, आणि फाटकावर हा मिशीवाला. कारखान्यात तो काकांच्या हाताखाली होता. फाटकावर उभं कसं राहायचं हे त्याला काकांनीच शिकवलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची तरी कुणाकडे?

कडी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रंगाच्या कारखान्याच्या फाटकावर ते रात्रपाळीचे पहारेकरी होते. एकदा मालकाचा नवा जावई गाडीतून उतरून तडक आत निघाला, तर पास नाही म्हणून काकांनी त्यालाही बाहेर तिष्ठत ठेवलं. मालकाने दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. सगळ्यांना वाटलं, गेली नोकरी. पण मालकाने पाठ थोपटली. तेव्हापासून कामगार त्यांना कडी म्हणायला लागले. लागली की लागली, मग बाहेरून कुणी कितीही हलवा.

"यम दारात आला तर त्यालाही पास विचाराल तुम्ही," काकू म्हणायच्या. "आणि त्याच्याकडे तो नसणार. म्हणून मी निर्धास्त आहे."

काकू एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायच्या. काका पहाटे घरी यायचे आणि काकू सकाळी कामावर निघायच्या. लग्न झाल्यापासून संसाराला वेळ मिळाला तो मधला, जेमतेम अर्ध्या तासाचा. त्या अर्ध्या तासात काकांचं रात्रीचं जेवण व्हायचं आणि काकूंची न्याहारी, एकाच ताटात. आणि ते काही पाखरासारखं टिपणं नव्हतं. बटाट्याच्या जाड चकत्या लोण्यात खरपूस परतलेल्या, वर चीज वितळलेलं, त्यावर चमचाभर साय. शेजारी लोण्यातच भाजलेला पाव, आणि रविवार असला की दोन-दोन अंडी. एकजण रात्रभर थंडीत उभं राहून आलेला, दुसरीला दिवसभर वाफेत उभं राहायचं. पोटाला दम नको?

बटाटे काकूंचे, कॉफी काकांची, अशी वाटणी होती. पाणी उकळलं की पूड टाकायची, गॅस बंद करायचा, झाकण ठेवून मुरू द्यायची, मग गाळून वर कढत दूध. एवढंच. पण झाकण मध्येच उचलून बघायची काकूंना परवानगी नव्हती. कॉफी पिऊन काकू कामावर पळायच्या आणि काका गाढ झोपायचे. "जगाची कॉफीने झोप उडते," असं काकू लॉन्ड्रीत सांगायच्या, "आमच्याकडे ती अंगाईगीत आहे." एक नियम मात्र कुणी न सांगता पाळला जायचा. दोघं बसल्याशिवाय पहिला घास कुणी घ्यायचा नाही. काकांना कधी उशीर झाला, तर काकू उपाशीपोटी कामावर जायच्या, पण एकट्या जेवायच्या नाहीत.

काका निवृत्त झाले तरी घड्याळ बदललं नाही. रात्री त्यांचा डोळा लागायचा नाही आणि पहाटे भूक लागायची. तसंच चाललं असतं, पण दूध घेऊन जिना चढताना काकूंचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन चांगलं झालं. हाड जागेवर बसलं. बसलं नाही ते काकूंचं मन. वॉर्डातलं जेवण ताटात तसंच परत जायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी काकांना आणि लेकीला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, "हाडाची काळजी नाही. पण त्या खात नाहीत, त्यामुळे अंगात ताकद नाही, आणि ताकद नाही म्हणून उभ्या राहत नाहीत. आणखी असंच चाललं तर त्या अंथरुणाला खिळतील."

खिळतील. हा शब्द काकांच्या छातीत जाऊन बसला. ते घाबरले. चोराला, दारुड्याला, मालकाच्या जावयाला न घाबरलेला माणूस हॉस्पिटलच्या बोळात भिंतीला हात टेकून उभा राहिला.

"बाबा, आईचं मन उठलंय," लेक डोळे पुसत म्हणाली. "आता तुम्ही दोघं माझ्याकडेच या. खालच्या खोलीत तिच्यासाठी पलंग टाकते. तिथेच सगळं करता येईल."

"पलंग कशाला? ती चालत येईल."

"बाबा, डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. खाल्लं तर उभी राहील म्हणाल्या."

"अहो, पण खात नाही ना ती! मी सूप आणलं, पेज आणली..."

"तिने कधी आयुष्यात पेज खाल्लीय?"

भेटीची वेळ दुपारची होती. काका आत गेले आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. काकूंचे केस विस्कटले होते. चादरीवर एक सुरकुती सहन न करणारी ही बाई चुरगळलेल्या चादरीत चुरगळून पडली होती.

"जेवलात का?" काकूंनी विचारलं.

"जेवलो."

"काय?"

काका अडखळले. "बटाटे."

"कुणी केले?"

"मी."

काकूंनी डोळे मिटून घेतले. "खोटं बोलता येत नाही तर बोलू नये माणसाने," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

खोटंच होतं ते. काका कोरड्या पावावर आणि कॉफीवर दिवस ढकलत होते. पण घरी चालत जाताना त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काकूंना भूक नव्हती असं नाही. समोरचं माणूस जेवलेलं नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि मग त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आता यावर उपाय एकच. करायचं, न्यायचं, आणि तिच्यासमोर बसून खायचं. तेही दुपारी नव्हे, आपल्या वेळेला.

म्हणून पहाटे त्यांनी कढई चढवली. चकत्या कापल्या, लोणी सढळ हाताने घातलं, गॅस मोठा केला आणि हात पाठीमागे बांधून कढईसमोर उभे राहिले. डोळ्यांत तेल घालून त्यांनी पहारा दिला. एक चकती जागची हलू दिली नाही. बटाटे खालून कोळसा झाले आणि वरून कच्चे राहिले, तेव्हा त्यांना कळलं की नुसतं लक्ष ठेवून भागत नाही. त्यांनी त्यातल्या त्यात बऱ्या चकत्या डब्यात भरल्या, वर चीज किसून पाप झाकलं आणि निघाले. आणि इथे फाटकावर अडकले.

"हेडसिस्टरना विचारून बघ," काका म्हणाले.

मिशीवाल्याने फोन लावला. मान हलवत ऐकलं आणि ठेवला. "बायकांच्या वॉर्डात सकाळी पुरुष नाहीत. दुपारी या म्हणतात."

"दुपारी ती जेवत नाही."

"काका, मी सोडलं असतं हो. पण तुम्हाला सोडलं तर उद्या कुणाकुणाला अडवू?" मिशीवाल्याचा आवाज पडला होता. "हे पण तुमचंच वाक्य आहे."

काकांना राग आला, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी अभिमानही वाटला. शिकवलं ते पालथ्या घड्यावर पाणी गेलं नव्हतं.

तेवढ्यात आयाबाई कामावर आल्या. बायकांच्या वॉर्डातल्या जाड्या, बोलक्या बाई. मिशीवाल्याने त्यांच्याकडे डबा आणि कपभर कॉफी दिली. काका बाहेर उभे राहिले. बऱ्याच वेळाने आयाबाई डबा घेऊन परत आल्या.

"कॉफीचा एक घोट घेतला. डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाल्या, त्यांना द्या. त्यांनी सगळं मलाच पाठवलं असणार, स्वतः उपाशी असतील."

"मी जेवणार आहे म्हणून सांगा ना!"

"सांगितलं हो. म्हणतात, बघितल्याशिवाय विश्वास नाही."

काकांनी डबा हातात घेतला. तो जसाच्या तसा जड होता. ते वळून चालायला लागले, तर मागून मिशीवाल्याने हाक मारली.

"काका, एक सांगू? माझी हद्द या भिंतीपर्यंत. भिंतीपलीकडची गल्ली नगरपालिकेची. तिथे उभं राहायला कुणाचा पास लागत नाही." मग त्याने आकाशाकडे बघत, जणू दुसऱ्याच कुणाला सांगत असल्यासारखं म्हटलं, "बायकांच्या वॉर्डाच्या खिडक्या त्या बाजूला आहेत."

दुसऱ्या दिवशी पहाटे काका गल्लीत हजर झाले. अरुंद गल्ली, एका बाजूला हॉस्पिटलची भिंत, दुसऱ्या बाजूला बंद दुकानांच्या मागच्या पायऱ्या. एका पायरीवर त्यांनी स्वच्छ फडकं पसरलं. या वेळी डबा नव्हता, अख्खी कढईच आणली होती, टॉवेलमध्ये गुंडाळून. वर आयाबाईंनी एक खिडकी ढकलून उघडली आणि डोकं बाहेर काढलं.

"आले का? थांबा, सांगते." डोकं आत गेलं, पुन्हा बाहेर आलं. "म्हणतात, खोटं आहे. तुम्हाला बटाटे करता येत नाहीत."

"कढई आणलीय म्हणावं. तिने येऊन बघावं."

डोकं आत. डोकं बाहेर. "उठवत नाही म्हणतात."

"मग विश्वास ठेव म्हणावं."

"तो तर मुळीच ठेवत नाही म्हणतात."

"बरं. मी जेवतोय म्हणून सांगा."

आणि काका जेवले. घास फिरत होता, बटाटे करपट होते, आणि समोरची जागा रिकामी होती. एकट्याने जेवण्याची सवय त्यांनाही नव्हती. तरी त्यांनी कढई पुसून घेतली. खिडकीत आयाबाईंशिवाय कुणी आलं नाही. कॉफी मात्र आयाबाईंच्या हाती वर गेली, आणि कप अर्धा रिकामा होऊन आला.

त्यानंतर रोज पहाटे काका गल्लीत. दुकानदारांची कुजबुज सुरू झाली. एकाने विचारलं, "आजोबा, घरी कुणी जेवायला देत नाही का?" काका म्हणाले, "देतात. पण हे हवेशीर आहे." लेकीच्या कानावर गेलं, तशी ती धावत आली.

"बाबा, लोक काय म्हणतील? रस्त्यावर बसून जेवता? आणि हे लोणी, चीज, या वयात!"

"तू पण बस. पाव आहे जास्तीचा."

"मी खोली रंगवून घेतलीय, बाबा. पलंग उद्या येतोय."

काकांनी कॉफी ओतली आणि कप लेकीपुढे धरला. "पलंग परत पाठव."

"आणि आई नाहीच उठली तर?"

"तर मी इथे जेवत राहीन," काका म्हणाले. "मला दुसरं काय काम आहे?"

लेकीने कप घेतला. बापाशेजारी पायरीवर बसून ती मुकाट्याने प्यायली. लहानपणी पहाटे अर्धवट झोपेत स्वयंपाकघरातून या कॉफीचा वास यायचा, आणि आईबाबांचं हळू आवाजातलं हसणं. तिला रडू आलं. पण काकांना ते दिसू नये म्हणून ती कढईत बघत राहिली, आणि मग म्हणाली, "बाबा, हे किती करपवलंत!"

"तुझ्या आईला सांगू नकोस."

पण आयाबाईंच्या पोटात काही राहतं का? त्यांनी ते वर जाऊन सांगितलंच. शिवाय आपल्याकडचं तिखटमीठ लावून सांगितलं, की म्हातारा बारीक झालाय, हातावर चटका बसून फोड आलाय, आणि अर्धा कोळसा रोज गोड मानून गिळतोय. खिडकी उघडी होती. वरून एक ओळखीचा, बारीक झालेला आवाज आला, "एवढं लोणी वाया घालवतात?"

काका पायरीवरून उठलेच. पण खिडकीत कुणी दिसलं नाही.

पुढच्या पहाटे मिशीवाल्याने स्वतःची खुर्ची गल्लीत आणून ठेवली. "पाळी संपली माझी," तो म्हणाला. "आता मी फाटकावर नाही. खुर्ची कुठेही ठेवीन." काका खुर्चीत बसले. गार वारा सुटला होता. त्यांनी कढईवरचं झाकण काढलं, चीज अजून वितळलेलंच होतं. वर आयाबाई नेहमीसारख्या डोकावल्या नाहीत. खिडकीच्या आत काहीतरी घासल्याचा आवाज आला. मग टक. थांबला. पुन्हा टक. आयाबाईंचा आवाज आला, "सावकाश. घाई नाही. माझ्या खांद्याला धरा."

काका उभे राहिले.

आधी वॉकरची दांडी दिसली, खिडकीच्या कडेला टेकलेली. मग हात दिसला. मग विस्कटलेले पांढरे केस, आणि त्याखाली वेदनेने आवळलेला चेहरा. काकूंनी गज धरला आणि खाली बघितलं. बायको एवढी म्हातारी दिसतेय हे आजवर काकांच्या लक्षातच आलं नव्हतं. पण लगेच त्यांना एवढा आनंद झाला की काय करावं ते सुचेना. म्हणून त्यांनी कढई दोन्ही हातांनी उचलली आणि तिला दिसेल अशी तिरकी केली.

काकूंनी कढईत नीट बघून घेतलं. पार तळापर्यंत.

"उलथणं कुठंय तुमचं?" त्यांनी वरून विचारलं.

"उलथणं?"

"अहो, परतायचे असतात ते! एका बाजूने झाले की उलटायचे." काकूंनी गजाबाहेर पंजा काढून पालथा-उताणा करून दाखवला. "आणि आच कमी. लोणी आहे ते, कारखान्यातली भट्टी नव्हे."

"बरं."

"आणि मीठ?"

"घातलंय."

"कधी?"

"शेवटी."

"वाटलंच मला," काकू म्हणाल्या. आयाबाईंनी मागून त्यांना कमरेला धरलं होतं आणि वॉकर सारखा खडखडत होता.

"तू घेणार का?" काकांनी विचारलं. दुकानाचं शटर उघडणारा माणूसही अर्ध्यावर थांबला होता. "मी अजून घास घेतला नाही."

मिशीवाला केव्हाच कढईतल्या दोन चकत्या पावात घालून फाटकाकडे पळाला होता. पाळी संपलेली असली तरी वॉर्डाच्या दारापर्यंत जायचा त्याला पास होता. थोड्या वेळाने वर खिडकीत आयाबाईंचा हात पुढे आला. त्या हातात पाव होता.

काकांनी खाली घास उचलला आणि तोंडापाशी धरून ठेवला. वर काकूंनी पावाचा लहानसा तुकडा तोडला, तोंडात घातला आणि चेहरा वाकडा केला. पण थुंकला नाही. त्या चावत राहिल्या, सावकाश, गजाला धरून. मग काकांनीही घास घेतला.

"करपलाय," काकू म्हणाल्या आणि दुसरा तुकडा तोडला.

"बसता का हो आता?" आयाबाईंनी त्यांना विचारलं.

"एवढा संपू दे."

खाली मिशीवाल्याची खुर्ची मोकळीच होती. कपातल्या कॉफीवर साय धरली, कॉफी गार झाली. काका कढई हातात घेऊन वर बघत खात होते, उभे राहून. ती बसली नव्हती ना अजून.